‘ती चांगली गाते’ : मराठी माणसाला स्पॅनिश शिकवताना हाती आलेले धडे

स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस क्रियापदांच्या रूपांवर अडखळत असेल, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. ती रूपं पाठ होतात. आपण काळ, अर्थ, पुरुष, वचन शाळेपासून घोकलेलं असतं, त्यामुळे तक्ता समोर ठेवला की काम होतं. वर्ष उलटल्यावरही जी चूक टिकून राहते ती विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या सरमिसळीची. माणूस अस्खलित बोलतो, उच्चार सुरेख असतात, आणि मध्येच ‘ब्येन’ या क्रियाविशेषणाच्या जागी ‘ब्वेना’ हे विशेषण येऊन जातं.

मी बदलापूर गावात स्पॅनिश शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत ऐरोली-ठाण्याच्या कार्यालयांत लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांशी बोलणारे तरुण आहेत, स्पेनमध्ये पुढचं शिक्षण घ्यायला निघालेल्या मुली आहेत, ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी करणारे आहेत. बहुतेक जण संध्याकाळची लोकल पकडून, दमून येतात. त्यांच्या हातात असलेली पुस्तकं मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. इंग्रजाला जिथे अडतं तिथे ती पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात, आणि आपल्याला जिथे अडतं तिथून सरळ पुढे जातात. म्हणून हे धडे मराठीच्या बाजूने लिहिले आहेत. स्पॅनिश शब्द देवनागरीत, उच्चाराला जवळ जातील असे दिले आहेत.

१. चुकीचं मूळ मराठीत शोधा

‘तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात.’ इथे ‘चांगला’ हा शब्द गाण्याविषयी सांगतो, पण बदलतो मात्र गाणाऱ्याप्रमाणे. भूतकाळात तर तो कर्माकडे वळतो: ‘तिने गोष्ट चांगली सांगितली’, ‘तिने गाणं चांगलं म्हटलं’. आपल्या शालेय व्याकरणात याची नोंद आहे. असा बदलणारा शब्द तो क्रियाविशेषण, आणि ‘हळू’, ‘पटकन’, ‘नेहमी’ यांसारखा न बदलणारा तो क्रियाविशेषण अव्यय. स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या मुलांना हा फरक तोंडपाठ असतो.

स्पॅनिशमध्ये क्रियेविषयी सांगणारा शब्द सहसा अव्ययच असतो. तो गातो, ती गाते, त्या गातात, सगळीकडे ‘ब्येन’. ‘एया कान्ता ब्येन’, म्हणजे ती चांगली गाते. मराठी मन ‘चांगली’तला स्त्रीलिंगी ईकार सोबत घेऊन जातं आणि ‘एया कान्ता ब्वेना’ म्हणून बसतं. ‘कोन्तो ब्येन ला इस्तोरिया’ म्हणजे तिने गोष्ट चांगली सांगितली. इथेही गोष्ट स्त्रीलिंगी म्हणून ‘ब्वेना’ करायचं नसतं.

विद्यार्थ्याला हे पहिल्याच आठवड्यात सांगावं. आपण चुकतो ते व्याकरण कच्चं असल्यामुळे नव्हे. आपल्या भाषेचा नियम आपण फार नीट पाळतो, म्हणून चुकतो. एवढं कळलं की माणूस स्वतःला मठ्ठ समजायचं थांबतो.

२. ‘कसं?’ या प्रश्नावर विसंबू नका

‘शब्दाला कसा, कशी, कसं असा प्रश्न विचारा’ ही शाळेतली युक्ती इथे कामाची नाही. कारण मराठीत प्रश्नसुद्धा बदलतो: ‘ती कशी गाते?’, ‘तो कसा गातो?’ आणि ‘ती मुलगी कशी आहे?’ क्रियेचा प्रश्न आणि माणसाचा प्रश्न एकाच वेषात येतात. स्पॅनिश ‘कोमो’ सगळीकडे एकच राहतो.

त्याऐवजी मी ‘नीट’ची चाचणी देते. मराठी वाक्यातल्या ‘चांगला-चांगली’च्या जागी ‘नीट’ घालून पाहा. ‘ती नीट गाते’ हे चालतं, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘ब्येन’. ‘ती नीट मुलगी आहे’ हे चालत नाही, म्हणजे ‘ब्वेना’. ‘नीट’ हा शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही आणि नामाला थेट चिकटत नाही, म्हणून तो इथे चोख काम करतो. दुसऱ्या शब्दांसाठी ‘हळू’, ‘पटकन’, ‘स्पष्टपणे’ असे शब्द घालून हीच चाचणी करता येते.

३. ‘आई बरी आहे’ हे वाक्य आधी पक्कं करा

फोनवर पहिल्यांदा विचारलं जातं ते घरच्यांचं. ‘आई कशी आहे?’ ‘बरी आहे.’ मराठीत बाबा बरे आहेत, आई बरी आहे, बाळ बरं आहे. म्हणून विद्यार्थी ‘मी माद्रे एस्ता ब्वेना’ म्हणतो. हवं असतं ‘मी माद्रे एस्ता ब्येन’. माणसाविषयी ‘एस्ता ब्वेना’ म्हणणं हे स्पेनमध्ये तिच्या रूपाविषयीचं सलगीचं बोलणं ठरतं. स्वतःच्या आईविषयी ते तोंडून जाऊ नये, म्हणून हे वाक्य मी सर्वांत आधी घोकून घेते.

‘ब्वेनो’-‘ब्येन’ची तीन ठिकाणं वेगळी लक्षात ठेवावीत. ‘एस ब्वेना’ म्हणजे ती स्वभावाने चांगली आहे. ‘एस्ता ब्येन’ म्हणजे ती बरी आहे, ठीक आहे. ‘ला सोपा एस्ता ब्वेना’ म्हणजे सूप चविष्ट झालंय. पदार्थाबाबत ‘एस्ता ब्वेना’ हे अगदी योग्य आणि गोड वाक्य आहे. ज्यांनी वाढलं त्यांना ते जरूर म्हणावं.

४. ‘माल’ दिसला की पुढचा शब्द वाचा

‘मालो’ विशेषण, ‘माल’ क्रियाविशेषण, असा तक्ता पुस्तकात असतो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी आलं की ‘ब्वेनो’ आणि ‘मालो’ शेवटचा ओकार टाकतात: ‘उन ब्वेन लिब्रो’, चांगलं पुस्तक; ‘उन माल दिया’, वाईट दिवस. या दुसऱ्या वाक्यातला ‘माल’ हे विशेषण आहे. ‘कान्ता माल’, म्हणजे वाईट गातो, यातला ‘माल’ क्रियाविशेषण आहे. रूप तेच, काम वेगळं.

म्हणून ‘माल’ एकटा ओळखता येत नाही. त्याच्या शेजारी नाम आहे की क्रियापद, ते बघावं लागतं. नाम स्त्रीलिंगी असेल तर अडचणच उरत नाही, कारण तिथे ‘मालो’चं ‘माला’ होतं आणि पूर्ण उच्चारलं जातं: ‘उना माला नोतिसिया’, एक वाईट बातमी. शिवाय ‘ब्वेन’ आणि ‘ब्येन’ हे दोन शब्द मराठी कानाला जवळचे वाटतात. जिभेला फरक कळेपर्यंत ते जोडीने मोठ्याने म्हणावेत: ‘उन ब्वेन प्रोफेसोर’, चांगला शिक्षक, ‘एन्सेन्या ब्येन’, चांगला शिकवतो.

५. आपला एक ‘खूप’, त्यांचे दोन

‘खूप पाऊस’, ‘खूप गोड’, ‘खूप रडला’. मराठीत तीनही कामं एकच शब्द करतो आणि तो बदलतही नाही. स्पॅनिशमध्ये विशेषणाच्या किंवा क्रियाविशेषणाच्या आधी ‘मुय’ येतो: ‘मुय दुल्से’, खूप गोड, ‘मुय ब्येन’, फार छान. क्रियापदासोबत ‘मुचो’ येतो आणि बदलत नाही: ‘योवियो मुचो’, खूप पाऊस पडला. नामासोबतचा ‘मुचो’ मात्र लिंग-वचन घेतो: ‘मुचा युविया’, खूप पाऊस; ‘मुचोस मान्गोस’, खूप आंबे.

हा धडा मी गावातल्याच एका घटनेवर शिकवते. २०१९च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना त्या पाण्यातून बाहेर काढावं लागलं. ज्यांनी ते पाणी पाहिलंय त्यांना वर्णन करायला सांगितलं की ‘खूप’ शिवाय वाक्यच होत नाही, आणि प्रत्येक ‘खूप’ वेगळा असतो. ‘योवियो मुचो’, खूप पाऊस झाला. ‘आबिया मुचा आग्वा’, खूप पाणी होतं. ‘एल आग्वा सुबियो मुय रापिदो’, पाणी खूप वेगाने चढलं. ‘आबिया मुचोस पासाहेरोस’, खूप प्रवासी होते. पाठ केलेल्या उदाहरणांपेक्षा अशी वाक्यं जास्त टिकतात, कारण ती सांगताना माणूस आठवत असतो, घोकत नसतो.

इथे एक बारीक जागा आहे. ‘आग्वा’ म्हणजे पाणी आणि ‘आम्ब्रे’ म्हणजे भूक हे शब्द स्त्रीलिंगी आहेत. पण सुरुवातीच्या ‘आ’वर आघात असल्यामुळे एकवचनात त्यांच्या लगेच आधी ‘एल’ हे पुल्लिंगी दिसणारं उपपद येतं. त्या ‘एल’कडे पाहून ‘मुचो आम्ब्रे’ म्हणायचा मोह होतो, आणि तो स्पॅनिश लोकांनाही होतो. बरोबर रूप ‘तेन्गो मुचा आम्ब्रे’, मला खूप भूक लागलीय.

६. ‘मुय’ जिथे येतच नाही त्या जागा पाठ करा

नियम समजून घ्यावेत, पण अपवाद पाठच करावेत. तुलनेच्या शब्दांआधी ‘मुय’ येत नाही: ‘मुचो मेहोर’, कितीतरी चांगलं, ‘मुचो पेओर’, कितीतरी वाईट, ‘मुचो मास ग्रान्दे’, कितीतरी मोठं. ‘आन्तेस’ म्हणजे आधी आणि ‘देस्प्वेस’ म्हणजे नंतर, यांच्याआधीही ‘मुचो’च. आणि ‘दमलास का?’ याचं थोडक्यात उत्तर देताना ‘सी, मुचो’ म्हणायचं. ‘मुय’ला पुढे कुणीतरी लागतंच, तो एकटा उभा राहत नाही.

‘मास’नंतर नाम आलं तर ‘मुचो’ पुन्हा लिंग-वचन घेतो: ‘मुचा मास आग्वा’, कितीतरी जास्त पाणी. इथेही तोच प्रश्न विचारावा: शेवटी हा शब्द कोणाला चिकटलाय, नामाला की विशेषणाला?

गोव्यात पोर्तुगीज शिकलेले विद्यार्थी आले की त्यांच्यासाठी हा धडा दुप्पट वेळ घेतो. पोर्तुगीजमध्ये ‘खूप’चं काम ‘मुइतु’ हा एकच शब्द सगळीकडे करतो. दोन भाषा इतक्या सख्ख्या असून नेमक्या याच जागी वेगळ्या होतात. त्यांना मी सांगते की इथे पोर्तुगीज बाजूला ठेवा.

७. मीठ जास्त आणि आमटी जास्त खारट, ही दोन वाक्यं जोडीने शिका

‘देमासियादो’ म्हणजे प्रमाणाबाहेर. ‘तिएने देमासियादा साल’, हिच्यात मीठ फार झालंय. इथे तो मिठाला चिकटलाय. ‘साल’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘देमासियादा’. ‘एस्ता देमासियादो सालादा’, ही फार खारट झालीय. इथे तो ‘खारट’ला चिकटलाय, म्हणून ‘सालादा’ स्त्रीलिंगी असूनही ‘देमासियादो’ हलत नाही. तक्रार तीच, व्याकरण दोन.

‘बास्तान्ते’, म्हणजे बऱ्यापैकी, हाही असाच: ‘बास्तान्तेस पेर्सोनास’, बरीच माणसं, पण ‘बास्तान्ते कान्सादास’, बऱ्यापैकी दमलेल्या. ‘पोको’बाबत अर्थही सांभाळावा लागतो. ‘पोको क्लारो’ म्हणजे फारसं स्पष्ट नाही, जवळजवळ नकार. ‘उन पोको दिफीसिल’ म्हणजे थोडं अवघड. मराठीत ‘थोडं’ आणि ‘फारसं नाही’ असा फरक आपण करतोच, तो तिथे ‘उन’ असण्या-नसण्यावर ठरतो.

८. ‘अर्धी’ बदलत नाही, ‘सगळी’ बदलते

‘ती अर्धी झोपेत होती’ आणि ‘ती सगळी भिजली’. मराठीत दोन्ही शब्द तिच्याप्रमाणे बदलतात. स्पॅनिशमध्ये एक बदलतो, एक नाही. ‘मेदिया ओरा’ म्हणजे अर्धा तास. इथे नाम आहे, म्हणून बदल आहे. पण ‘एस्ता मेदियो दोर्मिदा’, ती अर्धवट झोपेत आहे, यात ‘मेदियो’ तसाच राहतो. लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी बोलताना ‘मेदिया दोर्मिदा’ ऐकू येतं. परीक्षेत आणि लिखाणात ‘मेदियो’च ठेवावं.

‘तोदो’ म्हणजे सगळा. तो मात्र मराठीसारखा वागतो: ‘एस्ता तोदा मोहादा’, ती सगळी भिजलीय. पावसाळ्यात छत्री उलटलेली विद्यार्थिनी दारात आली की हे वाक्य शिकवायला वेगळं उदाहरण लागत नाही.

९. ‘-मेन्ते’ लावण्याआधी मराठीत ‘-ने’ लागतं का ते पाहा

विशेषणापासून क्रियाविशेषण करायचा ठरलेला रस्ता म्हणजे स्त्रीलिंगी रूपाला ‘-मेन्ते’ जोडणं: ‘क्लारा’पासून ‘क्लारामेन्ते’, ‘रापिदा’पासून ‘रापिदामेन्ते’. स्त्रीलिंगीच का, याचं कारण लॅटिनमध्ये आहे. हा ‘मेन्ते’ मन या अर्थाच्या लॅटिन नामापासून आला आणि ते नाम स्त्रीलिंगी होतं. ‘स्पष्ट मनाने’ म्हणता म्हणता ‘स्पष्टपणे’ झालं. हे कारण एकदा कळलं की पुल्लिंगी रूपाला ‘मेन्ते’ जोडायची चूक होत नाही. दोन क्रियाविशेषणं लागोपाठ आली तर पहिल्याचं ‘मेन्ते’ गळतं, पण स्त्रीलिंगी रूप राहतं: ‘लेन्ता इ क्लारामेन्ते’, हळू आणि स्पष्टपणे.

विद्यार्थी हे शिकले की प्रत्येक वाक्यात ‘मेन्ते’ पेरतात आणि बोलणं जड होतं. स्पॅनिश माणूस पुष्कळदा ‘कोन’ म्हणजे ‘सह’ आणि नाम वापरतो: ‘कोन क्विदादो’, काळजीने, ‘कोन काल्मा’, शांतपणे, ‘कोन पासियेन्सिया’, धीराने. ही तर आपलीच तृतीया. ‘काळजीपूर्वक’ आठवत बसण्यापेक्षा ‘काळजीने’ म्हणावं आणि ‘कोन’ लावावं.

काही विशेषणं तशीच्या तशी क्रियाविशेषण म्हणून उभी राहतात, आणि मग ती बदलत नाहीत: ‘एयास आब्लान आल्तो’, त्या मोठ्याने बोलतात, ‘आब्लान क्लारो’, स्पष्ट बोलतात, ‘त्राबाहान दुरो’, कसून काम करतात. ‘एयास’ स्त्रीलिंगी अनेकवचन आहे म्हणून ‘आल्तास’ केलं तर त्या उंच आहेत असं काहीतरी सुचू लागतं. मराठीत इथे ‘मोठ्याने’ म्हणतो, ‘मोठ्या’ म्हणत नाही. तीच जाण इथे वापरावी.

१०. ‘लांब’ आणि ‘लांबचा’ हा फरक तुम्हाला आधीच येतो

‘घर लांब आहे’ आणि ‘लांबचं गाव’. अव्ययाला ‘-चा’ लावला की विशेषण होतं, हे मराठी मूल बोलायला लागतं तेव्हापासून जाणतं: जवळ-जवळचा, आधी-आधीचा, नंतर-नंतरचा. स्पॅनिशमध्ये जोड्या तशाच आहेत. ‘लेहोस’ लांब, ‘लेहानो’ लांबचा. ‘सेर्का’ जवळ, ‘सेर्कानो’ जवळचा. ‘आन्तेस’ आधी, ‘आन्तेरियोर’ आधीचा. ‘देस्प्वेस’ नंतर, ‘पोस्तेरियोर’ नंतरचा.

घराचं अंतर सांगताना विद्यार्थी ‘मी कासा एस्ता लेहाना’ म्हणतात, कारण ‘कासा’ स्त्रीलिंगी आहे. मी विचारते, ‘मराठीत घर लांब आहे म्हणशील की घर लांबचं आहे?’ उत्तर तिथेच मिळतं: ‘मी कासा एस्ता लेहोस’. बदलापूर स्टेशन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे, म्हणून ‘लेहोस’ हा शब्द इथल्या माणसाला रोज लागतो. तो बरोबर वापरता आला पाहिजे.

११. ‘सोलो’साठी मराठीचा आधार घ्या

‘सोलो’ म्हणजे एकटा आणि ‘सोलो’ म्हणजे फक्त. बाई असेल तर गोंधळ होत नाही: ‘आना त्राबाहा सोला’, आना एकटी काम करते, ‘आना त्राबाहा सोलो लोस दोमिन्गोस’, आना फक्त रविवारी काम करते. पुरुष असेल तर दोन्ही अर्थ निघतात. पूर्वी ‘फक्त’ या अर्थी पहिल्या ओकारावर आघातचिन्ह देत. माद्रिदच्या ‘रेआल अकादेमिया एस्पान्योला’ या १७१३मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१०च्या शुद्धलेखन-ग्रंथात ते देऊ नये असा सल्ला दिला. त्यावर लेखक-पत्रकारांनी बरीच वर्षं वाद घातला. २०२३मध्ये संस्थेने स्पष्ट केलं की अर्थाचा घोटाळा होईल असं लिहिणाऱ्याला वाटलं तर चिन्ह द्यायला हरकत नाही.

वाचताना चिन्ह नसलं तरी घाबरू नये. वाक्यात ‘एकटा’ घालून पाहा, मग ‘फक्त’ घालून पाहा. मराठीत हे दोन पूर्ण वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला निवड करणं सोपं जातं.

१२. ‘ती दमलेली आली’ : इथे मराठी माणूस पुढे असतो

आतापर्यंत मी मराठीची ओढ आवरायला सांगितलं. आता ती सैल सोडायची जागा. ‘येगो कान्सादा’, ती दमलेली आली. ‘लोस निन्योस द्वेर्मेन त्रान्किलोस’, मुलं शांत झोपलीत. ‘बिबेन फेलिसेस’, ते सुखी राहतात. या वाक्यांत शब्द क्रियापदाजवळ आहे, तरी तो कर्त्याची त्या वेळची अवस्था सांगतो आणि कर्त्याप्रमाणे बदलतो. इंग्रजी पुस्तकावर वाढलेला विद्यार्थी इथे ‘त्रान्किलामेन्ते’ करून मोकळा होतो. मराठी विद्यार्थ्याच्या तोंडून ‘त्रान्किलोस’ सहज येतं, कारण ‘दमलेली आली’ हे वाक्य त्याच्या घरात रोज बोललं जातं.

मग ‘ती चांगली गाते’ आणि ‘ती दमलेली आली’ यांत फरक कसा करायचा? वाक्याचे दोन तुकडे करा. ‘ती आली. ती दमलेली होती.’ अर्थ टिकला, म्हणून विशेषण आणि बदल. ‘ती गाते. ती चांगली आहे.’ अर्थ बदलला. गाण्याविषयी बोलत होतो, आता माणसाविषयी बोलू लागलो. म्हणून तिथे क्रियाविशेषण आणि बदल नाही. ‘नीट’ची चाचणी आणि ही दोन तुकड्यांची चाचणी, या दोघींनी बहुतेक सगळी वाक्यं सुटतात.

‘मेहोर’लासुद्धा हीच चाचणी लावा. ‘एयास सोन मेहोरेस’, त्या जास्त चांगल्या आहेत. इथे त्यांच्याविषयी सांगितलं, म्हणून अनेकवचन. ‘एयास कान्तान मेहोर’, त्या जास्त चांगल्या गातात. इथे गाण्याविषयी सांगितलं, म्हणून ‘मेहोर’ तसाच. आणि ‘मास मेहोर’ कधीही म्हणू नये, कारण ‘मेहोर’मध्ये ‘अधिक’ आलेलंच आहे.

१३. सराव आपल्या गावावर करा

ना. गो. चापेकर या गावात राहिले आणि १९३३ साली त्यांचं ‘आमचा गाव बदलापूर’ हे पुस्तक आलं. एका गावाची माणसं, शेती, चालीरीती इतक्या बारकाईने नोंदवणारं पुस्तक मराठीत तोवर विरळाच होतं. पुढच्याच वर्षी, १९३४मध्ये, ते बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्याकडून मी वर्गासाठी एक पद्धत घेतली: समोर दिसतं ते आणि तसंच लिहायचं. विद्यार्थ्यांना मी परक्या शहरांची वर्णनं देत नाही. नदी, बाजार, फलाट, आपली गल्ली यांवर स्पॅनिशमध्ये छोटा परिच्छेद लिहून आणायला सांगते. लिहून झालं की एका रंगाने नामाला चिकटलेले शब्द आणि दुसऱ्या रंगाने क्रियापदाला किंवा विशेषणाला चिकटलेले शब्द अधोरेखित करायचे. पहिल्या रंगातला प्रत्येक शब्द नामाशी जुळतोय का आणि दुसऱ्या रंगातला प्रत्येक शब्द न बदलता उभा आहे का, एवढंच तपासायचं. ‘दमलेली आली’सारखे कर्त्याची अवस्था सांगणारे शब्द पहिल्या रंगात जातात, आणि ‘तोदा मोहादा’मधला ‘तोदा’ही त्यांच्याच सोबत.

‘देले’च्या प्राथमिक आणि मधल्या पातळ्यांच्या तोंडी परीक्षेत चित्राचं वर्णन करावं लागतं, आणि तिथे नेमके हेच शब्द लागतात: माणसं कशी आहेत, काय करतायत, कसं करतायत. गावाचं वर्णन करायला शिकलेल्या विद्यार्थ्याला चित्र नवं वाटत नाही.

माझ्या टेबलावर स्पॅनिश शब्दकोशाच्या शेजारी मो. के. दामले यांचं १९११चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ असतं. स्पॅनिश शिकायला निघालेल्या प्रत्येकाला मी हाच आग्रह करते: शाळेत शिकलेलं मराठी व्याकरण पुन्हा एकदा उघडा. विकारी आणि अविकारी, विशेषण आणि अव्यय, कर्तरी आणि कर्मणी ही नावं ज्याला आतून समजली, त्याला स्पॅनिशची ही सगळी अवघड जागा आपल्याच शब्दांत समजावून घेता येते. परकी भाषा इंग्रजीच्या दारातूनच शिकावी असा नियम कुठेही नाही. मराठीचं दार आपल्यासाठी उघडं आहे, आणि ते जास्त जवळ आहे.